रक्तवाहिन्या आणि रक्ताभिसरण : कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. रंकाळ्यावर सकाळी फिरताना, मंडळाच्या रक्तदान शिबिरात नावनोंदणीच्या टेबलावर, आणि मोबाईलवर तर रात्री अकरालाही येतात. तेच तेच पुन्हा येऊ लागले म्हणून एकदा लिहून काढले. मी डॉक्टर नाही. शरीर कसं चालतं ते इथं सापडेल, तुमची गोळी बदलायची की नाही ते सापडणार नाही.

१. धमनी, रोहिणी, नीला, शीर, नस... नक्की प्रकार तरी किती आहेत ओ सर?

तीनच. हृदयाकडून निघणारी ती रोहिणी, हिलाच धमनी म्हणतात. हृदयाकडे येणारी ती नीला, म्हणजेच बोलीतली शीर. दोघींना जोडणारी केसाहून बारीक ती केशवाहिनी. रोहिणीची भिंत जाड, स्नायूंची आणि लवचीक असते, कारण तिला प्रत्येक ठोक्याचा धक्का सोसायचा असतो. शिरेची भिंत पातळ, आणि हातापायांतल्या शिरांना आतून झडपा. केशवाहिनीची भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची. प्राणवायू, साखर, पाणी यांची देवघेव जवळजवळ सगळी तिथंच होते, बाकीच्या सगळ्या वाहिन्या तिथवर पोचवायला आणि तिथून आणायला आहेत. ‘नस’ या शब्दाचा घोळ वेगळाच आहे, तो प्रश्न ७ मध्ये.

२. रक्त फिरतं म्हणजे उसाला पाटाचं पाणी जातं तसंच ना?

कित्येक वर्षं मी वर्गात हेच उदाहरण देत होतो. नदीवरची मोटर म्हणजे हृदय, मेनलाइन म्हणजे महारोहिणी, मग पाट, दांड आणि शेवटी सरी म्हणजे केशवाहिन्या. एकदा मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, “सर, सरीतलं पाणी परत नदीत कुठं येतंय? ते तर जिरतंय.” मी गप्प झालो. माझं उदाहरण म्हणजे एक जुनी चूक होती.

दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन याची समजूत हीच होती : अन्नापासून यकृतात रक्त बनतं, अंगभर पसरतं आणि जिथल्या तिथं जिरतं. ती जवळपास चौदाशे वर्षं टिकली. १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं ती साध्या हिशेबानं मोडली. आजच्या आकड्यांत तो हिशेब असा : हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५ लिटर, तासाला ३०० लिटर. एवढं रक्त अन्नापासून रोज नव्यानं बनवायचं तर माणसाला दर तासाला स्वतःच्या वजनाच्या चौपट खावं लागेल. हार्वेनं धरलेले आकडे बरेच लहान होते, तरी उत्तर तेच निघालं : तेच रक्त पुन्हा पुन्हा येतंय. रोहिणीतून शिरेत ते नेमकं कुठून जातं हे मात्र त्याला दिसलं नाही. १६५७ साली तो वारला, आणि १६६१ मध्ये मार्चेल्लो मालपिगीनं सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या.

फेरे दोन आहेत. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसात आणि तिथून डाव्या बाजूला, हा छोटा. डाव्या बाजूकडून सगळ्या अंगात आणि परत उजवीकडे, हा मोठा. हृदयाच्या चार झडपा कुठला स्नायू ओढून उघडत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याचा दाब वाढला की आपले आपण उघडतात ना, तशा त्या रक्ताच्या दाबानं उघडतात आणि मागून दाब आला की मिटतात. डॉक्टर छातीला नळी लावून जे ‘लब-डब’ ऐकतात ते झडपा मिटल्याचे आवाज.

पाटाचं उदाहरण आणखी एका जागी फसतं. पाट आपली रुंदी बदलत नाही. रक्तवाहिनी बदलते, आणि पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

३. सगळ्या रक्तवाहिन्या जोडल्या तर एक लाख किलोमीटर होतात, पृथ्वीला अडीच फेरे, हे खरं का?

हा मेसेज मला दर महिन्याला येतो. आकडा आला डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांच्याकडून. केशवाहिन्यांवरच्या कामासाठी त्यांना १९२० चं नोबेल मिळालं. त्यांनी अंदाज बांधताना माणसाच्या अंगावर ५० किलो नुसते स्नायू धरले, आणि स्नायूच्या दर चौरस मिलिमीटरला २००० केशवाहिन्या. ५० किलो स्नायू म्हणजे हिंदकेसरीचं अंग! साधारण ७० किलोच्या पुरुषात स्नायू ३० किलोच्या आतबाहेर असतात, आणि केशवाहिन्याही इतक्या दाट नसतात. नव्यानं मांडलेले हिशेब ९ ते १९ हजार किलोमीटरच्या दरम्यान येतात. तेही काही कमी नाही, पण पृथ्वीचा एक फेरासुद्धा होत नाही.

४. रक्ताला एक फेरी मारायला किती वेळ लागतो?

बसल्या जागी साधारण एक मिनिट. अंगात रक्त ५ लिटर आणि हृदय मिनिटाला ५ लिटर ढकलतं, एवढा सोपा हिशेब. खासबागेत कुस्ती रंगात आली की तेच हृदय मिनिटाला २० लिटरच्या पुढं जातं, मग फेरी पंधरा सेकंदांत. महारोहिणीत रक्त सेकंदाला हातभर धावतं आणि केशवाहिनीत सेकंदाला जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर सरकतं. देवघेवीला तेवढा वेळ लागतोच. तांबड्या पेशीची रुंदी ७-८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि काही केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद, म्हणून पेशी अंग दुमडून निघते. जोतिबाच्या यात्रेत गल्लीतून सासनकाठी काढताना बघा, तसलं काहीतरी.

५. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात. मग त्यातलं रक्त निळं असतं का?

नाही. रक्तदान शिबिरातली पिशवी बघा, शिरेतलंच रक्त असतं आणि गडद लाल असतं. निळा रंग हा कातडीतून परतणाऱ्या प्रकाशाचा आणि आपल्या डोळ्यांचा खेळ. आकृतीत नीला निळी आणि रोहिणी लाल रंगवतात त्यानं घोटाळा वाढतो. त्याहून वाईट म्हणजे ‘अशुद्ध रक्त’ हा शब्द. शिरेतल्या रक्तात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, एवढंच. ते घाण नसतं. या शब्दामुळं ‘रक्त साफ करायच्या’ बाटल्या खपतात. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं फुकटात करतात : मिनिटाला सुमारे १.२ लिटर रक्त त्यांच्याकडे जातं, दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतला जातो.

६. रक्तदान करताना सुई शिरेतच का घालतात? आणि गेलेलं रक्त कधी भरून येतं?

कोपराच्या खळगीतली शीर कातडीलगत असते, दाब कमी असतो, सुई काढल्यावर दोन-चार मिनिटं दाबलं की बंद होते. रोहिणी खोल असते आणि तिच्यातून रक्त उसळतं. वरती पट्टा आवळतात तो शीर फुगावी म्हणून. पट्टा शिरेला अडवतो, रोहिणीला नाही, त्यामुळं रक्त येत राहतं आणि परत जाता येत नाही. पिशवी साधारणपणे ३५० मिलिलिटरची. द्रव भाग एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषांना ३ आणि बायकांना ४ महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात.

७. रात्री झोपेत पोटरीत नसेवर नस चढते. त्यानं रक्त अडतं का?

कशावर काही चढत नाही. तो स्नायूचा पेटका. पावलाचा चवडा आपल्याकडं ओढून धरा, पोटरी ताणली की सुटतो. मराठीत ‘नस’ हा शब्द आपण रक्तवाहिनीला वापरतो आणि संदेश नेणाऱ्या मज्जातंतूलाही. ‘मानेची नस दबली’ म्हणजे मज्जातंतू. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात त्याही मुख्यतः मज्जातंतू दबल्यामुळं. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी दुखायला लागते, थांबलं की राहते, पुन्हा चाललं की पुन्हा तेवढ्याच अंतरावर दुखते, असं असेल तर मात्र पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असण्याची शक्यता आहे. तिथं तेल चोळत बसू नका, दाखवा. प्रश्न १३ ही वाचा.

८. बीपीचे दोन आकडे कशाचे? आणि मशीनवर दर वेळी वेगळं का येतं?

वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा दाब, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा, दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. सैल पडल्यावरही दाब शून्य होत नाही, कारण ताणलेली महारोहिणी आपल्या लवचीकपणानं रक्त पुढं रेटत राहते. स्टीफन हेल्सनं १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोडीच्या रोहिणीला काचेची नळी जोडली, तर रक्त ८ फुटांवर चढलं. हवा भरायच्या पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकायची रीत १९०५ मधली, रशियन डॉक्टर कोरोत्कोव यांची.

दाब दिवसभर हलत असतोच. जिना चढून आलात, बोलताय, लघवी तुंबलीय, नुकताच चहा घेतलाय, पाय लोंबकळतायत, तर आकडा चढतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, आणि मग मोजा. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे आपल्याला पाठ असतं, घरातल्या माणसांचं बीपी मात्र माहीत नसतं. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा वर येत असेल तर तो उच्च रक्तदाब. आणि पुराची पातळी दिसते तरी, हा बहुतेकांना जाणवतसुद्धा नाही. ‘मला काही त्रास नाही’ म्हणून गोळी बंद करणारे सगळ्यात जास्त भेटतात.

९. रविवारी तांबडा-पांढरा हाणला की झोप येते. सगळं रक्त पोटात जातं म्हणून ना?

पोटाकडे जादा रक्त जातं हे खरं. पण त्यासाठी मेंदूचं कापलं जात नाही. मेंदूला मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर लागतं आणि तो ते आपल्या वाहिन्या सैल-आवळ करून जवळपास स्थिर ठेवतो. सुस्ती येते ती आतड्यांकडून निघणाऱ्या संदेशांनी, भरगच्च जेवणानं आणि दुपारच्या वेळेनं. रश्शाची काळजी करायची तर मिठाची करा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचं, खर्डा आणि वर फरसाण धरून!

१०. आईच्या पायावर शिरा दोरीसारख्या गाठाळल्यात. हे कशानं?

पायातलं रक्त वर चढवायला हृदयाचा जोर पुरत नाही. ते काम पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेतला दाब ९० मिलिमीटरच्या आसपास जातो, चालू लागलं की ३० च्या घरात उतरतो. म्हणून तासन्‌तास एका जागी उभं राहणाऱ्यांना हा त्रास जास्त : सलूनवाले, फौंड्रीतले कामगार, चहाच्या गाड्यावरचे, आणि आम्ही मास्तर. बायकांत गरोदरपणानं भर पडते. झडपा ढिल्या पडल्या की रक्त साचतं, शीर फुगते, पिळवटते.

बसल्यावर पाय उंचावर ठेवणं, मधूनमधून टाचा उचलणं, डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे, यानं आराम पडतो. ढिली झडप पुन्हा घट्ट होत नाही, जास्त त्रासात शीर बंद करायचे उपचार आहेत. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर ते वेगळं प्रकरण. आतल्या शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मालीश अजिबात नको, त्याच दिवशी दवाखाना.

११. पोरगा तालमीत जातो. नाडी मिनिटाला फक्त ५० भरली. काळजीचं आहे का?

रोज मेहनत करणाऱ्या मल्लाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग ठोके कमी पुरतात. दंडावरच्या शिरा टरारतात त्याही चरबी कमी आणि रक्ताचा ओघ जास्त म्हणून. चक्कर, छातीत दुखणं, मेहनत करताना डोळ्यांपुढं अंधारी, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर मात्र तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसाची नाडी न कसरत करता ५० भरत असेल तर हे उत्तर त्यांना लागू नाही.

१२. अंगात त्राण नाही. एक सलाईन लावलं की ताकद येते ना?

साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या ५ टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे आपल्या गुळाचा एक खडा. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलेल्या आणि तोंडानं घेता न येणाऱ्या माणसाला ती बाटली वाचवते. धडधाकट माणसानं गूळ-पाणी प्यावं.

१३. तंबाखू मी नुसती चोळून खातो, ओढत नाही. रक्तवाहिन्यांना काय होणार?

निकोटिन कुठूनही आलं तरी वाहिन्या आवळतं आणि बीपी चढवतं. मिश्रीसुद्धा यात आली. आवळण्याचा हिशेब लोकांना खोटा वाटतो : नळीचा व्यास निम्मा झाला की त्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत तर हातापायांच्या बारीक वाहिन्या सुजून बंद पडण्याचा एक आजार होतो. बोटं काळी पडतात, कापावी लागतात. औषधांपेक्षा तंबाखू सुटणं हाच त्यावरचा खरा उपाय.

१४. ऊसतोडीत कोयता लागला तर वर दोरी आवळायची, मग साप चावल्यावर का नको म्हणतात?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, नीट वाचा.

कोयता लागला : आधी स्वच्छ फडक्यानं जखमेवरच थेट दाबा आणि दाबूनच ठेवा, दर मिनिटाला उचलून बघू नका. लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं उसळत असेल तर रोहिणी कापलीय, गडद रक्त सलग वाहत असेल तर शीर. हातापायाच्या जखमेतून दाबूनही उसळणं थांबत नसेल आणि जीव जायची वेळ असेल, तरच वर रुंद पट्टा आवळायचा आणि कधी आवळला ती वेळ लिहून ठेवायची.

साप चावला : दोरी नको, चिरा नको, चोखणं नको. विष बरंचसं कातडीखालच्या लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्ताऐवजी पेशींभोवतीचा पाणीदार द्रव नेणाऱ्या वेगळ्या बारीक नळ्यांतून, पसरतं. दोरीनं त्याचा भरवशाचा अटकाव होत नाही, उलट हातापायाचा रक्तपुरवठा तुटून तो अवयव गमवावा लागतो. अंगठी, जोडवी, बांगड्या काढा. हात-पाय फळीला बांधून मोडल्यासारखा स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. घोणसाचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवतं. म्हणून दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतंय का बघतात. आधीच कुणी दोरी बांधली असेल तर ती डॉक्टरांसमोरच सोडायची.

१५. हृदयात तर रक्त भरलेलंच असतं. मग त्यालाच रक्त कमी पडून अटॅक कसा येतो?

बँकेच्या कॅशियरकडं दिवसभर लाखो रुपये असतात, पण पगार त्याला वेगळा घ्यावा लागतो. हृदयाची भिंत जाड आहे, आतल्या रक्तातून तिचं भागत नाही. महारोहिणी निघते तिथंच तिच्या पहिल्या दोन शाखा हृदयाकडे वळतात. डाव्या भिंतीला बहुतेक रक्त मिळतं ते हृदय सैल पडतं तेव्हा, कारण आवळताना ते स्वतःच्याच वाहिन्या दाबतं. या शाखांच्या भिंतीत चरबीचा थर साठतो, तो फुटला की त्यावर गुठळी धरते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. लोक ‘कचरा अडकला’ म्हणतात, पाइपात अडकतो तसा. हा थर नळीच्या आत तरंगत नाही, भिंतीच्या अस्तराखाली वाढतो.

बायपासमध्ये बहुधा छातीच्या आतली एक रोहिणी आणि पायाची एक शीर वापरतात. ती शीर उलटी करून जोडतात, नाहीतर तिच्यातल्या झडपा रक्त अडवतील! पायाचं रक्त इतर शिरांतून जातं.

१६. रोहिणीत नेहमी प्राणवायूवालंच रक्त असतं ना? परीक्षेला लिहायचंय.

असं लिहिलंस तर गुण जातील. नाव दिशेवरून पडतं, रक्तावरून नाही (प्रश्न १). फुप्फुस रोहिणी हृदयाकडून निघते म्हणून रोहिणी, पण तिच्यात प्राणवायू कमी. फुप्फुस नीलांत उलटं. आणखी एक अपवाद : आतड्यांकडून यकृताकडे जाणारी शीर हृदयाकडे जातच नाही, ती दुसऱ्यांदा केशवाहिन्यांत फुटते, म्हणजे पचलेलं आधी यकृताच्या नाक्यावर तपासलं जातं.

१७. वडिलांचं डायलिसिस चालू आहे. हातातली शीर फुगलीय आणि थरथरते. बिघडलीय का?

थरथरते म्हणजे चालू आहे. तिथं शस्त्रक्रियेनं रोहिणी थेट शिरेला जोडलेली असते, मधल्या केशवाहिन्या वगळून. रोहिणीचा दाब सोसून सोसून शीर रुंद आणि जाड होते, मग तिच्यात वारंवार सुया घालता येतात. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, इतर कुणाला रक्त काढू देऊ नका, उशाला घेऊन झोपू नका. रोज बोटानं थरथर तपासा. ती लागेनाशी झाली तर वाट न बघता डायलिसिसवाल्यांना कळवा.

१८. सून गरोदर आहे. पोटातल्या बाळाच्या अंगात आईचंच रक्त फिरतं का?

नाही. बाळाचं रक्त बाळाचं, गटसुद्धा वेगळा असू शकतो. वारेत दोन्ही रक्तं पातळ पडद्याच्या अल्याडपल्याड असतात आणि देवघेव त्या पडद्यातून होते. नाळेत दोन रोहिण्या आणि एक शीर असते, आणि प्राणवायू घेऊन येते ती शीर, हा प्रश्न १६ मधल्या यादीतला आणखी एक अपवाद. आईच्या अंगातलं रक्त या काळात निम्म्याच्या आसपास वाढतं, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं आणि लोहाच्या गोळ्या देतात. त्या चुकवू नयेत.

बाळाची फुप्फुसं पोटात कामाला नसतात, म्हणून रक्त त्यांना टाळून दोन आडवाटांनी जातं : हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं एक छिद्र, आणि फुप्फुस रोहिणीला महारोहिणीशी जोडणारी एक छोटी वाहिनी. पहिला टाहो फोडला की फुप्फुसं फुलतात, दाब पालटतो आणि छिद्रावरचं झाकण मिटतं. ती वाहिनी एक-दोन दिवसांत आवळून बंद होते. झाकण मात्र साधारण चारांतल्या एका माणसात कायमचं चिकटत नाही, किंचित किलकिलं राहतं, आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही.